नारळ उचला

सगळी संत्री बारीकच्या पेटीत पडत होती.

मोठं संत्रं, मधलं संत्रं, लिंबाएवढं संत्रं, सगळी एकाच पेटीत. पट्ट्यावरून संत्रं यायचं, वजनाच्या वाटीत बसायचं, वाटी विचार केल्यासारखी क्षणभर थांबायची आणि टक्कन बारीकच्या बाजूला लवंडायची. मोठ्याची पेटी रिकामी. मधल्याची रिकामी. बारीकची पेटी भरली, वाहिली आणि संत्री व्यापाऱ्यांच्या चपलांमधून गडगडायला लागली. एक माझ्या खुर्चीखाली येऊन थांबलं. ते एवढं मोठं होतं की माझ्या मुठीत मावलं नसतं.

सावरगावच्या त्या टिनाच्या शेडात संत्र्याचे व्यापारी दाटीनं उभे होते. त्यांच्यातला एक ठेंगणा व्यापारी मोठ्यानं म्हणाला, "दामूभाऊ, तुया मशीनले चष्मा लागला गा. एकदा नागपूरले दाखवून आण." सगळे हसले. दामूभाऊ म्हणजे मशीन बनवणारा, शेडाचा मालक. तो हसला नाही. त्याच्या तोंडातलं प्रसादाचं खोबरं तसंच गालात राहिलं होतं.

आणि त्या मशीनचं डोकं जिनं बनवलं होतं ती माझी नणंद कुसुम काय करत होती? तिनं पट्टा थांबवला, पदर खोचला, सगळ्यांसमोर जमिनीवर मांडी घातली, मशीनच्या लोखंडी पायाला कान लावला आणि विचारलं,

"अजी, काय झालं जी तुम्हाले? सकाळी काय खाल्लं तुम्ही?"

मला वाटलं, उठावं आणि सरळ बस स्टँडवर जावं. पण माझी खुर्ची अगदी पुढे होती. साऱ्या शेडात खुर्ची एकच, लाल, प्लॅस्टिकची, आणि ती मला दिलेली. बाकी सगळे उभे. म्हातारी म्हणून दिली असेल, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे बायको नवऱ्याला अजी म्हणते. कुसुमनं लग्न केलं नाही. ती मशीनला अजी म्हणते.

ही गंमत म्हणून नाही. मिक्सर, पंखा, शिवणयंत्र, पाण्याची मोटर, सगळ्यांना अजी, तुम्ही, जी. माणसांना मात्र सरसकट तू. एकदा तिच्यासोबत मी बँकेत गेले. मॅनेजरला म्हणाली, "तू बस, घाई नको करू." मग पासबुक छापायची मशीन अडकली, तिच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं चालू द्या जी, आम्ही थांबतो." मॅनेजर माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे पाहिलं.

आमचा जुना टीव्ही बंद पडला की मी त्याला वरून एक थाप मारायचे. कुसुम धावत आली. "वैनी! नवऱ्याले मारत होती का तू असं?"

मी म्हटलं, "मारलं असतं तर सुधारला असता."

नवरा म्हणजे तिचाच मोठा भाऊ. तो आता नाही. कुसुम हसली आणि टीव्हीची माफी मागून आतली तार घट्ट केली.

तिच्या अंबाड्यात कायम एक टेस्टर खोचलेला असतो, विजेची तार पाहायचा. लग्नाला जाताना ती त्याच्यावर गजरा घालते. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनं रंगाचे पट्टे काढले. तपकिरी, काळा, लाल म्हणजे जिरं. का, तर तिच्या त्या तारांच्या सामानावर असेच पट्टे असतात आणि त्यांचा आकडा होतो. मी म्हटलं, "जिऱ्याले आकडा कायले पाहिजे?" ती म्हणाली, "सवय लागली की बरं वाटते." दोन महिने मी भाजीत ओवा टाकत होते.

ही कुसुम छिंदवाड्याला मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. नोकरी कच्ची. उन्हाळ्यात सुटायची, पावसाळ्यात पुन्हा लागायची. अशी सारी उमर गेली. मग एका पावसाळ्यात लागली नाही. साठीला आलेली बाई, पेन्शन नाही. दोन पेट्या घेऊन सौंसरला आमच्या घरी आली. एका पेटीत लुगडी, दुसरीत तारा. तारांची पेटी जड होती.

घर तिच्या बापाचं. मी तर बाहेरून आलेली. पण ती पाहुण्यासारखी वागायची. चहात घालायला दूध घेतानाही विचारायची, "वैनी, घेऊ का?" मी म्हणायचे, "नको घेऊ, वासराले ठेव." घरात गाय नाही, वासरूही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

छिंदवाड्याच्या एका मैत्रिणीनं तिला मुलींच्या वसतिगृहावर राहायला बोलावलं होतं. खोली, दोन वेळचं जेवण आणि पोरींवर ओरडायचं काम. कुसुम मला सांगायची, "संत्र्याच्या हंगामापर्यंत माझं काही काम नाही जमलं तर मी चालली छिंदवाड्याले. तुझ्या चुलीवर फुकट नाही बसत."

"चूल कुठं हाय? गॅस हाय."

"गॅसवर बी नाही बसत."

काम म्हणजे काय, तर मशीनच्या आत जो नखाएवढा काळा तुकडा असतो, त्याला शिकवायचं. त्याला ती प्रोग्राम म्हणते. मी चौथी शिकलेली. मी विचारलं, प्रोग्राम म्हणजे काय? ती म्हणाली, "नव्या सुनेले सासू सांगते न? दूध तापव. वर आलं तर गॅस बंद कर. नाही आलं तर उभी राह्य. तेच. फक्त ही सून सेकंदात हजार वेळा पाहते, अन् तोंड करत नाही." मला पटलं. अशी सून मीही शिकवली असती.

पण कोणी स्वतःहून तिच्याकडे येईना. सौंसरमध्ये लोकांना वाटायचं, ही बाई पंखे दुरुस्त करते. पंखे यायचे. ती करायची आणि पैसे घ्यायची विसरायची. मग मी आणणाऱ्याच्या मागे फाटकापर्यंत जायचे.

दामूभाऊ भेटला तो जामसांवलीला. शनिवारी आम्ही मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना रस्त्यावरच्या एका दुकानात पेढे घ्यायला थांबलो. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काही न ठेवताच वजन दिसत होतं. लोक कुरकुरत होते, दुकानदार देवाच्या शपथा घेत होता. कुसुम रांग सोडून पुढे गेली, वाकली आणि काट्याला म्हणाली, "अजी, रिकाम्या पोटी ढेकर कायले देता जी?" मग तिनं अंबाड्यातून टेस्टर काढला, वरचं ताट उचललं आणि खाली चिकटून वाळलेला पेढा खरवडून काढला. काटा शून्यावर आला. दुकानदारानं पेढे फुकट दिले. त्यातले अर्धे तिनं त्यालाच वाटून टाकायला सांगितले.

रांगेत मागे उभा असलेला एक माणूस आमच्या मागे बसपर्यंत आला. हाताला वेल्डिंगचे डाग. "ताई, माझ्यापाशी बी एक मशीन हाय. तिचं डोकं फिरलं हाय."

तोच दामूभाऊ. त्याचं सावरगावला, जाम नदीच्या पलीकडे, लोखंडाचं काम. संत्री वजनाप्रमाणे वेगळी करायची मशीन त्यानं बनवली होती. लोखंड त्याचं, पट्टा त्याचा, पण डोकं बाहेरून तयार आणलेलं. त्याच्या पाटीवर अक्षरं परदेशी. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. आणि हंगामात दामूभाऊला मशीन व्यापाऱ्यांपुढे चालवून दाखवायची होती.

कुसुम म्हणाली, "नवीन डोकं बनवून देतो मी."

"किती घ्याल, ताई?"

इथं ती अडली. म्हणाली, "पुढच्या रविवारी घरी ये. सांगतो."

तो आठवडा मी विसरणार नाही. तिच्या आयुष्यात कोणी तिला विचारलंच नव्हतं की तुझ्या कामाचे किती. पगार कोणीतरी ठरवून द्यायचं, तोही उशिरा.

पहिल्यांदा तिनं तासानं मोजायचं ठरवलं. मग तास कोणता धरायचा, ही अडचण. मेथी निवडताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, "वाटी हलायची थांबल्यावरच वजन घ्यायचं!" मग घड्याळाकडे पाहिलं. "वैनी, हे धरायचं का? मेथी निवडताना सुचलं."

"धर. मेथीची जुडी बी धर."

दुसऱ्या दिवशी मोरीतून ओरडली, "वैनी, घड्याळ पाह्य! अंघोळीत सुचून राहिलं!"

मी बाहेरून म्हटलं, "साबणाचे वेगळे लाव."

मग म्हणाली, प्रोग्रामच्या ओळी मोजून पैसे घेते. तेही सोडलं, कारण चांगला प्रोग्राम लहान असतो म्हणे. चांगलं काम केलं की पैसे कमी मिळणार. शुक्रवारी ती जेवली नाही. ताटावर बसून म्हणाली, "जास्त सांगितले तर तो जाईन. कमी सांगितले तर त्याले वाटन, हिले काही येत नाही. मी छिंदवाड्याले जातो, वैनी. पोरींवर ओरडणं सोपं हाय."

मी म्हटलं, "पहिले जेव. मग उभ्या बागेसारखा भाव सांग."

आमच्या भागात संत्री झाडावर असतानाच बाग विकतात. व्यापारी येतो, झाडाखालून फिरतो, मान वर करून पाहतो आणि साऱ्या बागेचा एकच आकडा बोलतो. थोडा इसार हातावर ठेवतो. मग पुढे काय होईल ते होईल. पण आकडा बोलायच्या आधी सगळं बोलून घ्यावं लागतं. तोडणी कोणाची, राखण कोणाची, गाडी कोणाची, गारपीट झाली तर कोणाची. ज्यांनी हे आधी बोलून घेतलं नाही, ते झाडाखाली उभे राहून भांडताना मी पाहिले आहेत. नवरा गेल्यावर आमची बाग मीच विकत आले. मला कोणी फसवलं नाही.

कुसुमनं घास हातात धरून ऐकलं. "म्हणजे गारपीट माझी?"

"गारपीट तुझी. तुझ्या प्रोग्राममध्ये चूक निघाली तर तू फुकट दुरुस्त करायची. पण माकडं त्याची. त्याच्या माणसानं नको तिथं हात लावला, काही अडकवलं, काही सांडलं, त्याचे वेगळे पैसे. हे पहिले बोल. मग आकडा."

"गारपीट माझी, माकडं त्याची," ती म्हणाली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी दामूभाऊ आला. गारपीट आणि माकडं तिनं पाठ केल्यासारखी धडाधड सांगितली. तो शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला लगेच समजलं. म्हणाला, "माकडं माझी. मंजूर. आता आकडा बोला, ताई."

कुसुमनं तोंड उघडलं आणि वर पाहिलं. वर आमचा जुना पंखा. तो त्या दिवशी कर्र कर्र करत होता. तिचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

दामूभाऊ थांबला, थांबला, मग म्हणाला, "मी म्हणतो पस्तीस हजार."

कुसुम वर पाहत राहिली.

"बरं, चाळीस."

तिनं मान तिरपी केली. कान पंख्याकडे.

"ताई, लहान माणूस हाय मी. पंचेचाळीस."

तिनं हळूहळू मान हलवली, नाही नाही अशी. ती पंख्याला म्हणत होती. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी तोंडावर पदर धरला.

"पन्नास!" तो म्हणाला. आणि मग घाम पुसून, "साठ. बस्स, ताई. याच्यावर माझ्यानं होत नाही."

तेव्हा कुसुम वर पाहत म्हणाली, "अजी, दम धरा जी."

"धरला," दामूभाऊ म्हणाला आणि लाजला.

मी चहा टाकायला आत गेले. साठ हजार! आत जाऊन मी देवाला नाही, पंख्याला हात जोडले. चहा घेऊन बाहेर आले तर दोघं उभे. दामूभाऊ म्हणाला, "पंचावन्नवर पक्कं झालं, मावशी." इसार देऊन झाला होता. उरलेले पैसे मशीन व्यापाऱ्यांपुढे चालेल त्या दिवशी. नाही चालली तर काही नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "पाच हजार कुठं गेले?"

"कमी केले."

"कायले?"

"केले बस्स."

एक कप चहा पाच हजाराला पडला. दोन दिवस मी तिला कोरा चहा दिला. तिनं दूध मागितलं नाही.

मग काम सुरू झालं. जेवायच्या टेबलावर तारा, काड्यापेटीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर तो काळा तुकडा, बाजूला लॅपटॉप आणि मध्ये माझीच पितळेची वाटी, वजनाला. आम्ही खाटेवर जेवायचो. रोज टोपलीभर संत्री त्या वाटीतून जायची आणि संध्याकाळी मऊ पडायची. त्या दिवसांत आम्ही संत्र्याचा रस, संत्र्याची बर्फी, संत्र्याच्या सालीची चटणी खाल्ली. शेजारणीला दिली तर तिनं डबा परत पाठवला, भरलेला.

मला एक खोड होती. हातात घेऊन मी संत्र्याचं वजन सांगते, मोठं की मधलं. बागेत माझा हात चालायचा. मी कुसुमला म्हटलं, "तुझ्या अजीच्या आधी मी सांगतो." आम्ही लावून पाहिलं. काही ठिकाणी मशीन वेगळं म्हणाली, मी वेगळं. मोठ्या काट्यावर पाहिलं. मशीन बरोबर होती. दरवेळी. मला राग आला. पण मनात म्हटलं, ही बाई काम जाणते.

तिला मशीनशी बोलताना पाहून आधी मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला. त्या टेबलाशी बसल्यावर कळलं. ती रागावत नाही. चूक निघाली की पहिलं वाक्य असतं, "तुमचं ऐकून घेतो जी." मग शोधते, आणि सापडेपर्यंत उठत नाही. माणसांचं एवढं ऐकून घेणारं कोणी मी पाहिलं नाही. तिचं तर कोणीच ऐकलं नव्हतं.

हंगाम आला. दाखवायच्या दिवशी आमच्या फाटकापुढे पांढरी गाडी उभी राहिली. दामूभाऊनं पाठवलेली. मी म्हटलं, भला माणूस आहे, म्हातारीचे गुडघे समजतो. मी जाणार नव्हते, पण गाडी आलीच होती. कुसुमनं टेस्टरवर गजरा घातला. पांढुर्णा मागे पडलं. जामचा पूल ओलांडताना ती म्हणाली, "वैनी, नाही चालली तर?"

"तर छिंदवाडा," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं?

आम्ही शेडात पोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. मशीनला हळद-कुंकू, झेंडूचा हार. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आला, लाल खुर्ची आली. दामूभाऊनं संत्री ओतली. पुढचं मी सांगितलंच आहे. सगळी बारीकच्या पेटीत.

तर कुसुम मशीनच्या पायाला कान लावून बसली होती. "सकाळी काय खाल्लं तुम्ही?" असं विचारून तिनं वर पाहिलं. समोर मी. मी खोबरं चावत होते. घाबरले की मी चावते.

"वैनी, काय खाऊन राहिली?"

"खोबरं. प्रसाद हाय."

कुसुमनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग दामूभाऊकडे वळली. "दामू, नारळ कुठं ठेवला होता तू?"

"देवाले वाहिला न, ताई."

"त्याच्या पहिले?"

"मशीनवर. मुहूर्ताले. जिथं माल बसते तिथंच ठेवला. वाटीत."

"मशीन चालू करून का बंद असताना?"

"चालू करून, ताई. बंद मशीनची कोणी पूजा करते का?"

कुसुमनं कपाळावर हात मारला नाही. ती मशीनकडे वळली आणि म्हणाली, "माफ करा जी. तुमची काही चूक नाही."

मग उठून तिनं सगळ्यांना सांगितलं. ही मशीन जागी झाली की वाटीत जे असेल त्याला रिकामं समजते आणि तिथून वजन मोजायला लागते. आज तिला उठल्याबरोबर नारळ दिसला. नारळ म्हणजे रिकामी वाटी, असं ती शिकून बसली. मग नारळ उचलून फोडला. "आता नारळापुढं संत्रं काय? तिले सगळं बारीकच दिसन."

तिनं बटण बंद केलं. वाटी पदरानं पुसली. पुन्हा चालू केलं.

पहिलं संत्रं मोठ्याच्या पेटीत गेलं. दुसरं मधल्यात. तिसरं बारीकमध्ये, आणि ते खरंच बारीक होतं. तो ठेंगणा व्यापारी माझ्या खुर्चीखाली वाकला, तिथलं संत्रं काढलं आणि स्वतः पट्ट्यावर ठेवलं. मोठं. मग खिशातली चुन्याची डबी ठेवली. बारीक. डबी पेटीतून काढून घेत तो म्हणाला, "दामूभाऊ, माझी एक लिहून घे." मग बाकीचे पुढे सरकले.

गर्दी कमी झाल्यावर दामूभाऊ आला. पैशाचं पाकीट दिलं. म्हणाला, "ताई, आता असं पुन्हा नाही झालं पाहिजे. प्रत्येक घेणारा पूजा करन, अन् नारळ तिथंच ठेवन. एवढी गारपीट दुरुस्त करून द्या."

"गारपीट?" कुसुम म्हणाली. "हे माकड हाय."

"माकड कोण?" ठेंगण्या व्यापाऱ्यानं मागून विचारलं.

"नारळाचे वेगळे पडतीन," कुसुम म्हणाली.

मी वर पाहिलं. टिनाच्या शेडात पंखा नव्हता. आता ही काय करते? पण तिनं सरळ दामूभाऊच्या डोळ्यात पाहून सांगितलं, "पाच हजार."

दामूभाऊनं डोकं खाजवलं. मग हसायला लागला. "म्हणजे तवा पाच कमी केले अन् आता पाच वाढवले. मावशीची गाडी अन् खुर्ची माझ्याच खिशातून गेली म्हणायची!"

"कोणती खुर्ची?" मी विचारलं.

"ही न, मावशी. तुम्ही चहा टाकाले आत गेल्या तवा ताई म्हणाल्या, पाच हजार कमी दे. पण मशीन दाखवायच्या दिवशी माझ्या वैनीसाठी घरी गाडी पाठव, अन् सगळ्यात समोर तिच्यासाठी एक खुर्ची ठेव. बाकीचे उभे राहिले तरी चालते."

कुसुम तारा गुंडाळत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, "तुले बसचं तिकीट किती हाय ते माहीत हाय का?"

"माहीत हाय."

"मग?"

"बसनं तू आली नसती."

ते खरं होतं. बऱ्याच वेळानं, संत्र्याच्या बागा लागल्यावर, ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तिकडं छिंदवाड्याले दर साली प्रदर्शन व्हायचं. सगळ्या मास्तरायच्या घरचे यायचे. माझ्या टेबलापुढं बी खुर्ची ठेवत. पोरं तिच्यावर दप्तरं ठेवत." मग पुढे वाकून तिनं गाडीच्या दाराला थोपटलं. "अजी, खड्ड्यातून हळू चला जी. आमच्या वैनीचे गुडघे दुखतात."

गाडी चालवणारा म्हणाला, "हो, ताई." तिनं त्याला उत्तर दिलं नाही. ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. भांड्यातलं दूध घेतलं, दोन कप. विचारलं नाही. मी पाहिलं आणि साखरेचा डबा पुढे केला. छिंदवाड्याच्या मैत्रिणीला तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला आणि ओरडायला दुसरी बाई शोध म्हणून सांगितलं.

दामूभाऊच्या मशीनी आता पांढुर्ण्याच्याही पुढे गेल्या आहेत. कोणतीही चालू करा, वाटीत काही असलं तर ती कामच सुरू करत नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं येतात: नारळ उचला. नारळ नसेल, पाना असेल, कोणाचा डबा असेल, तरी तेच. मी कुसुमला म्हटलं, "इंग्रजीत तरी लिहायचं, लोक मोठं समजले असते." ती म्हणाली, "तुले वाचता आलं पाहिजे." मला येतं.

त्या दिवशी सावरगावच्या शेडात सगळी संत्री बारीकच्या पेटीत पडली, तेव्हा मशीनपाशी जमिनीवर मांडी घालून बसलेली माझी नणंद कुसुम होती. समोर लाल खुर्चीवर तिच्या घरचं एक माणूस होतं. ते माणूस मी.